कंदील पार्टीची तबकडी

बोरगाव मेघेला प्रेमदासच्या घरी पुढच्या खोलीत दोन भिंती सजवलेल्या होत्या. एका भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब. समोरच्या भिंतीवर, बायकोच्या, म्हणजे पंचफुलाच्या हुकमाने चांगले हातभर खाली, काचेच्या चौकटीत चार इंग्रज. चौघांचेही केस खांद्यावर आलेले, चौघांचेही चेहरे एसटी चुकल्यासारखे, आणि मधोमध जमिनीवर टिनाचा एक कंदील. पहिल्यांदा घरी आलेला पाहुणा पाणी पिता पिता विचारायचाच, "हे कोण होत?"

"माह्या सासरचे हायेत," पंचफुला सांगायची. "दर रविवारी येतेत."

ती फारसे खोटे बोलत नव्हती.

प्रेमदासचा धंदा लाऊडस्पीकरचा. लग्न, बारसे, जयंती, निवडणूक, काहीही असो, वर्ध्याच्या आसपास भोंगा झाडावर चढला की खाली मशीनपाशी प्रेमदास बसलेला असायचा. अंगाने काडी, आवाज त्याहून बारीक. अख्ख्या जिल्ह्याला ओरडून सांगण्याचे काम ज्याच्याकडे होते, त्याचे स्वतःचे बोलणे ऐकायला पुढे वाकावे लागायचे.

१९७३ साली त्याच्या दुकानाच्या पायरीवर पीटर नावाचा एक उंच इंग्रज येऊन बसला. हा पीटर सेवाग्रामकडे सूत कातायला शिकायला आला होता. सूत काही त्याला जमले नाही, कावीळ मात्र लवकर जमली. त्याच्या झोळीत एक तबकडी होती आणि ती वाजवायला जवळपास मशीन नव्हते. प्रेमदासने लावून दिली. "टिन लँटर्न" नावाचा विलायती बँड. आपल्याकडे बँड पार्टी असते, कव्वाली पार्टी असते, म्हणून प्रेमदासने त्याच दिवशी त्यांचे नाव "कंदील पार्टी" ठेवले आणि ते कायमचे झाले.

पीटरने मोडक्या हिंदीत एकेका गाण्याचा अर्थ सांगितला. ही गाणी मुळात अमेरिकेतल्या काळ्या मजुरांची, कापूस वेचणाऱ्यांची. दिवसभर राबून आलेल्या माणसाची रड. ती ह्या गोऱ्या पोरांनी उचलली आणि विजेच्या गिटारीवर चढवली.

"कापूस वेचणाऱ्यायची?" प्रेमदासने दोनदा विचारले. मग म्हणाला, "म्हणजे मूळ गाणं आपलंच आहे."

पीटर जरा विचारात पडला आणि म्हणाला, हो, असे म्हणता येईल.

जाताना तो तबकडी प्रेमदासकडे ठेवून गेला. प्रवासात फुटेल, म्हणाला, मी ऐकायला परत येईन. तो आला नाही. पण प्रेमदास अखेरपर्यंत तबकडीला "माझी" म्हणाला नाही. "ठेवायला दिलेली आहे," म्हणायचा. आणि ठेवायला दिलेली वस्तू माणूस स्वतःच्या वस्तूपेक्षा जास्त जपतो, ह्या आजाराला औषध नाही.

जपण्याचे नियम असे. तबकडी वाजणार फक्त रविवारी दुपारी, मागच्या मातीच्या थंड खोलीत. एका रविवारी एक बाजू, पुढच्या रविवारी दुसरी. दोन्ही बाजू एका दिवशी मागणारा माणूस लोभी समजला जाई. पिन नवी, काडेपेटीत कापसावर झोपवलेली, ती दुसऱ्या कोणत्याही तबकडीला लागायची नाही. हात धुवायचे. बोलायचे नाही. तंबाखू-सुपारीचा खर्रा खोलीबाहेर ठेवायचा.

शेवटचा नियम खास रूपरावसाठी होता. रूपराव पिपरी मेघेचा शेतकरी, गडी आडवा, आवाज असा की त्याला भोंग्याची गरज नव्हती. एका जयंतीच्या मिरवणुकीत वायर धरायला म्हणून मदतीला आला, प्रेमदासकडे कंदील पार्टी ऐकली, आणि संपला. इंग्रजीचा एक शब्द त्याला येत नव्हता. पण वखर हाणताना तो ती सगळी गाणी स्वतःच्या भाषेत म्हणायचा, म्हणजे कोणत्याच भाषेत नाही. त्याचे बैल त्या गाण्यांवर इतके तयार झाले होते की तिसऱ्या गाण्याच्या शेवटी ते आपोआप वळत. रविवारच्या बैठकीत मी तिसरा. माझ्याबद्दल सांगण्यासारखे एवढेच, की मी खर्रा खात नव्हतो.

पंचफुलाचे ह्या सगळ्यावर मत होते. पहिल्या रविवारी तिने दारातून ऐकून घेतले आणि विचारले, "ह्या माणसाच्या पोटात दुखून राह्यलं काय?"

"त्याची बायको सोडून गेली," प्रेमदास म्हणाला.

"असा बोंबलत असन तं जाईन नाई तं काय करन?"

आता प्रेमदासची चूक. तबकडीचे कव्हर, तेच ते चार इंग्रज आणि कंदील, प्रेमदासने चौकट करून भिंतीवर लावले होते. फोटो तबकड्यांच्या पेटीत ठेवणे हा त्याला त्या माणसांचा अपमान वाटला. त्यामुळे तबकडी उघडी पडली. मग तिला दुसऱ्या कव्हरात घालायचे ठरले, आणि इथे प्रेमदासने धंद्याची अक्कल लावली. लग्नाच्या गाण्यांच्या कव्हरांना सारखे हात लागतात. सगळ्यात कमी हात कुठे लागतो? निर्गुणी भजनांना. माणूस गेल्याशिवाय ती कोणी मागत नाही. म्हणून कंदील पार्टी भजनांच्या कव्हरात गेली, आणि भजनांची तबकडी वर्तमानपत्रात गुंडाळून फळीवर पडली. सहा वर्षे हे बिनबोभाट चालले. प्रेमदासने आम्हाला सांगितले होते, पण पंचफुलाला सांगितले नव्हते. तिला सांगितले असते तर ती हसली असती, आणि तिचे हसणे त्याला फार लागायचे.

१९७९ चा मे. वर्ध्याच्या मे महिन्याबद्दल मी लिहीत नाही, कागद पेट घेतो. प्रेमदास शनिवारी पवनारला लग्नाच्या कामावर गेला होता. रविवारी सकाळी आठ वाजता परत आला, आंघोळ केली, मागच्या खोलीच्या दाराला ओले पोते टांगले आणि पेटी उघडली. लग्नाची कव्हरे होती. जयंतीची होती. भजनांचे नव्हते.

"पंचफुला," तो म्हणाला. आवाज नेहमीपेक्षाही बारीक. "भजनाचं कव्हर कुठी आहे?"

"नत्थू घेऊन गेला."

नत्थू तिचा भाऊ. तळेगावला, श्यामजी पंताच्या तळेगावला, त्याचाही लाऊडस्पीकर होता. पण त्याच्याकडे सगळी गाणी नाचायची.

"कवा?"

"काल सांजच्याले आलता. आज पहिल्या गाडीनं गेला. बबनरावच्या बापाची तेरवी आहे आज. अण्णाजी, नव्वद वर्षाचा बुढा. भजनं पायजे होते. मी कव्हर पुसून देल्लं, चांगलं धूळ खाऊन राह्यलं होतं बिचारं. काऊन? काय झालं? असे काऊन बसले खाली?"

प्रेमदास पेटीपाशी खाली बसला होता. त्याने कशीबशी सगळी गोष्ट सांगितली. पंचफुला हसली नाही. एवढ्यावरून प्रकरण किती गंभीर होते ते कळावे.

"नत्थूनं ते ठेवलं कशात?" त्याने विचारले.

"टिनाच्या पेटीत. अन् पेटी एसटीच्या टपावर."

टिनाची पेटी, मे महिना, एसटीचा टप. तबकडीचे त्यात काय होते ते लाऊडस्पीकरवाल्याला सांगावे लागत नाही. पापड तळताना पाहिला आहे ना, तसे. आणि टपावरून सुखरूप उतरली तर पुढे नत्थूचे मशीन होते. नत्थूच्या मशीनवर पाच लग्नांत झिजलेली एकच पिन असायची.

त्याच वेळी रूपराव फटफटीवर दोन डांगरे, शेतातली खरबुजे, बांधून आला. ऐकल्यावर त्याने डांगरे सोडली, ती अंगणात घरंगळत गेली, एक फुटले. त्याकडे कोणी पाहिले नाही.

"तेरवी किती वाजता आहे?"

"पंगतीच्या आधी भजन. बारा धर."

"साडेआठ झाले. बस मागं."

प्रेमदासने फळीवरची खरी भजनांची तबकडी काढली, खांद्यावरचा दुपट्टा ओला करून त्यात गुंडाळली आणि पोटाशी धरली. काडेपेटीतली नवी पिन खिशात घातली. ती कशासाठी घेतली हे त्याला नंतरही सांगता आले नाही. पुढचे सगळे मी दोघांच्याही तोंडून ऐकले आहे, आणि दोघांच्या हकिकतीत वाटेतल्या एसटीचा रंगसुद्धा वेगळा आहे. जिथे दोघांचे जमते तेवढेच सांगतो.

खरांगण्यापर्यंत ठीक. पुढे पंक्चर. रूपराव फटफटीला जे बोलला ते छापण्यासारखे नाही. दहा वाजत आले होते. फटफटी पानठेल्यापाशी लावून दोघे रस्त्यात उभे राहिले, म्हणजे खरोखर रस्त्याच्या मधोमध, आणि एक ट्रक थांबला. मागे टिनाचे पत्रे भरले होते.

"बसता येईन काय?" ड्रायव्हरने विचारले. "तापले हायेत."

बसता येत नव्हते. दोघे तळेगावपर्यंत उभे राहिले, दोरीला धरून, पायात चपला असूनही पाय बदलत. प्रेमदासने एकदा पत्र्याला बोट लावून पाहिले आणि पटकन काढले.

"टपावरची पेटीबी अशीच तापली असन," तो म्हणाला.

"ते सकाळची गाडी होती. सकाळी ऊन कमी राह्यते."

"पण गाडी आर्वीले अर्धा तास थांबते."

"सावलीत थांबते."

"सावली कुठी आहे आर्वीच्या स्टँडवर?"

आर्वीच्या स्टँडवर सावली नव्हती हे रूपरावलाही माहीत होते. थोड्या वेळाने प्रेमदासने दुपट्ट्यावर बाटलीतले पाणी शिंपडले. आपल्या हातातली तबकडी तरी बिघडू नये, म्हणजे बदलताना तोंड राहील, असा त्याचा हिशेब. एका तबकडीच्या बदल्यात दुसरी. ओलीस धरल्यासारखी.

ट्रकने त्यांना तळेगावच्या फाट्यावर सोडले तेव्हा बाराला पाच कमी होते. गावाच्या दिशेने भोंगा ऐकू आला. "हॅलो. हॅलो. वन टू थ्री." नत्थूच.

"चालू नाई झालं अजून!" रूपराव ओरडला, आणि दोघे पळाले. चाळिशीला टेकलेली दोन माणसे, एक काडी आणि एक कोठी, मेच्या बारा वाजता तळेगावच्या रस्त्याने पळत आहेत. कुत्री सावलीतून उठली नाहीत. त्यांना बहुधा ते खरे वाटले नसावे.

गल्लीच्या तोंडाशी पोचले आणि भोंगा पुन्हा बोलला. "सर्वायनं शांत बसा. आता भजन चालू होऊन राह्यलं."

मग खर्रर्र.

मग गिटार. दुसऱ्या बाजूचे पहिले गाणे. सगळ्यात संथ, सगळ्यात लाडके. रविवारी हे लागले की रूपराव डोळे मिटायचा आणि आम्ही त्याच्याकडे पाहायचे टाळायचो.

प्रेमदास गल्लीत जागच्या जागी थांबला.

"चाल ना बे!"

"ऐक," प्रेमदास म्हणाला. "पिनेवर भार आहे. कापून राह्यली ते."

रूपरावला काही ऐकू आले नाही. पण त्याने प्रेमदासचा चेहरा पाहिला आणि त्याला दंडाला धरून ओढत नेले.

मांडवात दोनशे माणसे बसली होती. समोर पाटावर अण्णाजींचा हार घातलेला फोटो. बाजूला त्यांची बायको मनकर्णाबाई, पंचाऐंशीची, भिंतीला टेकून. तेरा दिवसांत ती रडली नव्हती, आणि घरच्यांना त्याचीच काळजी लागली होती. माणसे माना डोलावत होती. भजनाला मान डोलवायची अशी तयारी करूनच ती बसलेली असल्यामुळे गिटार सुरू झाली तरी कोणी डोलायचे थांबले नाही. मग गायकाने तोंड उघडले. एकेक मान थांबत गेली.

"हा कोणता बुवा आहे?" पुढे बसलेल्या तानबा नावाच्या म्हाताऱ्याने मोठ्याने विचारले.

नत्थूने कव्हर पाहिले. कव्हरावर टाळ आणि वीणा. त्याने मशीनकडे पाहिले. मशीनमधून इंग्रज. घाम पुसून त्याने माईक तोंडाशी धरला आणि घोषणा केली, "हे विलायती भजन आहे."

प्रेमदास टेबलापाशी पोचला तो एवढ्यात. त्याने तबकडी पाहिली. फिरताना तिची एक कड लाटेसारखी वर-खाली होत होती. आणि पिनेच्या हातावर, अगदी टोकाला, चिकटपट्टीने एक आठ आण्याचे नाणे चिकटवलेले होते. लग्नात लोक नाचतात, जमीन हादरते, पिन उडते. म्हणून हे नाणे. सगळेच चिकटवतात. प्रेमदासनेही लग्नाच्या तबकड्यांना चिकटवले होते. पण ह्या तबकडीवर! त्याचा हात पुढे गेला.

तो हात बबनरावने मनगटात पकडला.

"कोण तुम्ही? माह्या बापाच्या तेरवीत हात घालून राह्यले?"

"आमचे जवाई होत," नत्थू घाईने म्हणाला. "वर्ध्याचे. तबकडी त्यायचीच आहे."

"त्यायची?" बबनरावने मनगट सोडले नाही. "मंग सांगा लोकायले. हा काय म्हणून राह्यला? दोनशे माणूस बसून आहे माह्या दारात. काही वंगाळ असन तं इथंच सांगून ठेवतो..."

आणि त्याने माईक प्रेमदासच्या हातात दिला.

पिन फिरत होती. एकेक फेरा म्हणजे एकेक चरा. उचलून ठेवावी तर दोनशे माणसांना वाटणार की खरेच काहीतरी वंगाळ होते, आणि नत्थूची तळेगावात पुन्हा भोंगा बांधायची सोय राहणार नाही. बोलावे तर तेवढा वेळ ती कापत राहणार. प्रेमदास जन्मात कधी माईकवर "हॅलो" च्या पुढे गेला नव्हता. त्याने थुंकी गिळली. भोंग्यातून सगळ्या गावाला ती गिळलेली ऐकू आली.

"हा माणूस म्हणते का," तो म्हणाला, "घरचं माणूस निघून गेलं. सांगून नाई गेलं."

तानबा म्हातारा कानामागे हात धरून पुढे सरकला.

"मी दारात कंदील ठेवला, म्हणते. तेल सरत आलं. तरी मी वात मोठी केली. लोक म्हणतेत, दार लाव आता, कोणी येत नाई. मी म्हणतो..." इथे गायकाने तो लांब सूर धरला, ज्याच्यावर रूपरावचे बैल कधी वळायला शिकले नाहीत. प्रेमदास त्या सुरासाठी थांबला. सवयीने थांबला. "मी म्हणतो, राहू द्या उघडं. माहं काय जाते."

भिंतीपासून मनकर्णाबाईचा आवाज आला.

"ह्यायनं तरी कधी सांगून पाय काढला काय घरातून?"

"माय," बबनराव म्हणाला.

"बाजारात जाऊन येतो म्हणत, अन् चार दिसानं येत. एकदा बैल पाहाले गेले तं पंधरा दिवस. कंदील मीच ठेवो दारात. आल्यावर म्हणत, तेल काऊन जाळलं एवढं." ती पदराने नाक पुसायला लागली. "मेलं, तेल काऊन जाळलं म्हणे..."

आणि ती रडली. तेरा दिवसांचे एकदम. सुना जवळ सरकल्या, बबनराव खांबाकडे तोंड करून उभा राहिला, आणि तानबा म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला की बुवा चांगला आहे, फक्त आवाज बसला आहे.

गाणे संपले. प्रेमदासने त्याच क्षणी पिन उचलली. रूपराव पुढे झाला, दुपट्टा सोडला आणि खरी भजनांची तबकडी पुढे धरली. "घ्या. हे लावा. ते आमची आम्हाले द्या." त्याचा स्वर असा की बाळाची अदलाबदल झाली आहे.

"लावजो मागून," मनकर्णाबाई म्हणाली. "पयले तेच पुन्हा लाव."

रूपराव मला म्हणाला होता, त्या वेळी त्याच्या डोळ्यांसमोर खरोखर अंधारी आली. त्याने मान हलवली. डोळ्यांनी, भुवयांनी, अख्ख्या अंगाने प्रेमदासला नाही म्हणून सांगितले. भजन लावले असते तरी म्हातारीने ऐकून घेतले असते. कोणी दोष दिला नसता.

प्रेमदासने खिशातून काडेपेटी काढली.

पहिल्यांदा त्याने नखाने ते आठ आण्याचे नाणे सोडवले आणि नत्थूच्या हातावर ठेवले. मग झिजलेली पिन काढून नवी बसवली. ओल्या दुपट्ट्याचे कोपरे पिळून तबकडी गोल गोल पुसली.

"ते नाणं काऊन काढलं, बापा?" मनकर्णाबाईने विचारले. तिचे सगळे लक्ष होते.

"त्याचा भार होते, माय. गाणं घासते."

"मंग नोको ठेवू."

नाणे गेले तरी नत्थूच्या मशीनचा हात मुळातच जड होता, आणि तबकडीची कड वाकलेली. म्हणून प्रेमदासने पिन ठेवली, पण हात सोडला नाही. तर्जनीच्या टोकावर पिनेच्या हाताचे वजन पेलून धरले. इतकेच, की पिन टेकेल आणि दबणार नाही. कड वर आली की बोट वर, खाली गेली की बोट खाली. साडेपाच मिनिटांचे गाणे. मांडवाचे कापड तिथे फाटके होते, नेमके त्याच्या मानेवर ऊन. कपाळावरून घाम निघाला, नाकावर आला, हनुवटीवर जमला. खाली तबकडी. हाताने पुसता येत नव्हते, कारण बोट हलले असते.

रूपराव रागाने फुगलेला होता. तशाच रागात तो पुढे झाला आणि त्याने दुपट्टा प्रेमदासच्या हनुवटीखाली धरला. न्हाव्यासारखा. साडेपाच मिनिटे दोघे तसेच उभे. एक बोटावर गाणे पेलून, दुसरा घाम झेलून. दोनशे माणसे कंदील पार्टी ऐकत होती आणि ह्या दोघांचा श्वास अडकलेला होता.

पिन शेवटच्या रेघेला पोचली. प्रेमदासने ती उचलली आणि टेबलावरच टेकला.

मग भजने झाली, पंगत झाली. बबनरावने दोघांना आग्रहाने बसवले, आणि वाढताना सारखे "भाऊ, अजून एक" म्हणत राहिला. नत्थूने मनगट धरल्याची माफी बबनरावच्या वतीने मागितली, स्वतःच्या चुकीचे नाव काढले नाही. साळा तो साळाच.

आर्वीपर्यंत एसटीत रूपराव पाठ फिरवून बसला होता. तबकडी प्रेमदासच्या मांडीवर, ओल्या दुपट्ट्यात. आर्वी सुटल्यावर रूपराव फुटला.

"एकदा वाजली ते नत्थूची चूक. पण दुसऱ्यांदा तू काऊन लावली? म्हातारीची दया आली काय तुले?"

"आली ना."

"मंग?"

प्रेमदासने दुपट्ट्याचा कोपरा तबकडीवर सारखा केला. "पयल्यांदा जे वाजलं ते कंदील पार्टी नोयती. नाण्याखाली दबलेली होती. तळेगावच्या लोकायनं पयल्यांदा ऐकलं, अन् तेबी असं? त्यायले काय वाटलं असतं? का इंग्रज असेच वाजवतेत?"

हे कारण रूपरावला पटले. मला वाटते, जगात ते पटलेला दुसरा माणूस मी असेन.

पुढच्या रविवारी ओले पोते टांगले, हात धुतले. तबकडीची कड थोडी वाकलेलीच राहिली. पिन आर्वीच्या रस्त्यावरच्या गाडीसारखी जायची. आणि त्या संथ गाण्यात, पहिल्या कडव्यापासून, "टक" असा आवाज येऊ लागला. फेऱ्याला एक. टक. टक. गाणे संपले तरी कोणी काही बोलले नाही. तसा नियमच होता, पण त्या दिवशी नियम नसता तरी बोललो नसतो.

दारात पंचफुला उभी होती. संध्याकाळी तिने आपले एक जुने लुगडे फाडले, आत कापूस भरला आणि तबकडीच्या मापाची एक पिशवी शिवली. वरून पिवळ्या धाग्याने कंदीलही काढला. तो कंदिलापेक्षा लोट्यासारखा दिसत होता.

"ह्या सवतीले आता मीच लुगडं घालून देतो," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या कव्हरात ठेवान तं पुन्हा जाईन."

वर्षभराने बबनरावचे कार्ड आले. वर्षश्राद्धाला यावे, सोबत "ते गाणे" आणावे, आईने सांगितले आहे. दोघे गेले. स्वतःचे मशीन घेऊन, तबकडी लुगड्यात, लुगडे ओल्या पोत्यात. त्याच्या पुढच्या वर्षीही गेले, आणि मग दर वर्षीच. मध्ये कधीतरी, ८१ साली, रद्दीतल्या एका इंग्रजी मासिकातून मी वाचून दाखवले की कंदील पार्टी फुटली, चौघे पाच वर्षांपूर्वीच वेगळे झाले. रूपराव दोन दिवस जेवला नाही. प्रेमदास म्हणाला, "शेजारी बसवून एका ताटात जेवाले घातलं पायजे होतं त्यायले कोणीतरी." आणि रविवारी नेहमीप्रमाणे तबकडी लावली. पार्टी फुटल्याचे तबकडीला कोणी सांगितले नव्हते.

मनकर्णाबाई ८६ च्या मे महिन्यात गेली. तेरवीला मीही होतो. ह्या वेळी मशीन नत्थूचेच होते, कारण प्रेमदासचे अँप्लिफायर दुरुस्तीला गेले होते, आणि वाटेत प्रेमदास खिशातली काडेपेटी सारखी चाचपत होता. मांडवात पोचल्यावर त्याने नमस्कारही न करता सरळ टेबल गाठले.

पिन नवी होती. पिनेच्या हातावर चिकटपट्टीचा नुसता चौकोनी डाग होता.

"नाणं कुठी आहे?" त्याने विचारले.

"बुढीनं महिनाभर आधी बोलावून घेतलतं मले," नत्थू म्हणाला. "म्हणे, माह्या वेळेस ते गाणं लावजो. अन् ते नाणं आधी मले आणून दे, तुह्या भरवशावर नाई ठेवत मी."

त्याने पाटाकडे बोट केले. मनकर्णाबाईच्या फोटोसमोर हळद-कुंकवाशेजारी आठ आण्याचे एक नाणे ठेवलेले होते, चिकटपट्टीचा तुकडा अजून तसाच चिकटलेला.

प्रेमदासने पिशवीतून तबकडी काढली, कड पाहिली, ठेवली. पिन टेकवली आणि तर्जनी खाली धरली. रूपरावने न सांगता हनुवटीखाली दुपट्टा धरला. गिटार सुरू झाली, टक, आणि पुढे बसलेली माणसे आपोआप मान डोलवायला लागली, बरोबर त्या टकवर.